मोहाची पाच झाडं आणि सायकलची ट्यूब

आमच्या करमाळ्याकडे झाड म्हटलं की लिंब, आणि जंगल म्हटलं की ओढ्याकाठच्या बाभळी. त्यामुळे क्षेत्रकामाच्या यादीत माझ्या नावापुढे 'गडचिरोली' लिहिलेलं पाहिलं तेव्हा मी आधी भिंतीवरच्या नकाशात तो जिल्हा शोधला. सापडला नाही. नकाशा जुना होता आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती.

पर्यावरणशास्त्र हा विषय आमच्या महाविद्यालयात नवाच होता. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने दीड महिना कुठेतरी जाऊन काम करायचं, असा नियम. बहुतेकांना शहरातल्या प्रयोगशाळा मिळाल्या. मला आणि माझ्या एका मैत्रिणीला जंगलातली पानगळ मिळाली. एका झाडाखाली किती पानं पडतात आणि त्यांतली किती मातीला परत मिळतात, हे मोजायचं. निघायच्या आठवड्यात मैत्रिणीला कावीळ झाली. सर म्हणाले, "एकटीने जायचं का ते घरी विचारा."

घरी विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजने जे सांगितलं ते करायचंच, एवढंच माझ्या वडिलांना ठाऊक. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "झाडं एकसारखी असणार. तुझी कोणती हे कसं कळणार?"

"रंगाचा पट्टा मारायचा, असं सर म्हणाले."

"रंग उडतो," ते म्हणाले आणि जुन्या ट्यूब कापून त्यांनी मला लांब लांब पट्ट्यांची एक गुंडाळी करून दिली. आईने भाकऱ्या बांधल्या आणि दाराशी येऊन हळूच सांगितलं, "परका मुलूख आहे. कुणी पाणी वरून वाढलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. शिकायला गेलीस, शिकून ये."

ऊर्जानगर

चंद्रपूरला उतरले तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे थोरले भाऊ न्यायला आले होते. ते वीज केंद्रात नोकरीला, राहायला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. एकसारखी घरं, एकसारखे रस्ते, आणि पाळी सुटली की सायकलींचे लोंढेच्या लोंढे. इतक्या सायकली एका वेळी वडिलांनी पाहिल्या असत्या तर, असं मनात आलं.

वहिनींनी गरम पोळ्या वाढल्या. भाऊ म्हणाले, "तिकडं कशाले जातेस व? आमच्याइथीच राह्य. प्रयोगशाळा हाय, कँटीन हाय. झाडं त इथीबी हायेत."

"यादीत तिथलं नाव आहे," मी म्हटलं.

"यादी!" ते वहिनींकडे पाहून हसले. "हे पोरगी पास होते पाहाजो."

सकाळी त्यांनी मला बसमध्ये बसवलं. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "नाई जमलं त परत येजो. लाजू नको." हे वाक्य पुढे मला फार वेळा आठवलं.

मार्कंडा

गोंडपिपरीपर्यंत शेतं होती. धान कधीचं निघून गेलेलं, बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कोरड्या पडलेल्या. आमच्याकडे शेताला बांध असतो. इथे बांधांमध्येच शेत बसवल्यासारखं वाटतं. वैनगंगा ओलांडली आणि बस मार्कंड्याला थांबली. महाशिवरात्र होऊन गेली होती, पण यात्रा अजून पुरती उठली नव्हती. पुढची गाडी दुपारनंतर.

मी बॅग सांभाळत देवळाभोवती फिरले. दगडात एवढी माणसं, एवढे हत्ती, एवढ्या नाचणाऱ्या बाया कोरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष जिवंत माणसांकडेच जात होतं. नदीच्या वाळूत घरंच्या घरं गोल बसून जेवत होती. त्या प्रत्येक गोलाला पाठ होती, आणि मी सगळ्या पाठींच्या बाहेरून चालत होते. अखेर एका झाडाच्या सावलीत भाकरी सोडली. भाकरी कडक झाली होती.

शेजारी एक वयस्क बाई बसली होती. कपाळावर गोंदण, हातात गिलटाच्या पाटल्या. तिने माझी भाकरी न्याहाळली.

"हे काय होय?"

"ज्वारीची भाकरी."

"दात तुटते न!" ती म्हणाली आणि तिने पानाच्या द्रोणात पेज ओतून माझ्या हातात दिली. हातात दिली, वरून नाही. मी आईची आठवण काढून ती प्यायले. कुठे चाललीस, असं तिने विचारलं. मी माझ्या कामाच्या गावाचं नाव, कोसंबटोला, सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"अव माय! माहाच गाव! मी सोमी. सोमीबाई मडावी. लेकीकडं जाऊन राह्यली, तिचं बाळंतपण हाय. मंग येतो. तू जाय, मी आली का भेटू."

पुढच्या प्रवासात मी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या गावात मला ओळखणारं एक माणूस तयार झालं होतं.

कोसंबटोला

घोट गावाच्या बाजूला बस सोडून बैलगाडीने आत जावं लागतं. माझी सोय आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे केली होती. मेश्रामबाई मूळच्या गोंडपिपरीच्या. चाळिशीच्या, ठसठशीत, बोलायला सडेतोड. दीड खोली, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मागे कुडाची न्हाणी. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ताटभर भात वाढला आणि मी इकडेतिकडे पाहते आहे हे ओळखून म्हणाल्या, "भाकर पाहून राह्यली का? इथी भातानंतर भात. नाव काय म्हटलं तुझं? जाऊ दे, करमाळाच म्हणतो मी तुले."

दोन दिवसांनी त्या लसीची पेटी खांद्याला लावून आतल्या गावांच्या फेरीवर गेल्या. ही फेरी त्यांना वरचेवर करावी लागे, आणि गेल्या की कित्येक दिवस येत नसत. मी एकटी उरले.

मी लगेच कामाला लागले. गावाबाहेर, जंगल सुरू होतं तिथे, मोहाची पाच मोठी झाडं जवळजवळ उभी होती. पानं झडत होती, शेंड्यांना कळ्यांचे झुपके लागले होते. सरांनी सांगितलेलं होतं, त्याप्रमाणे एकाच जातीची झाडं निवडली. प्रत्येक खोडाला वडिलांची पट्टी बांधली; खोडं एवढी जाडजूड की पट्ट्यांना पट्ट्या जोडाव्या लागल्या. प्रत्येक झाडाखाली चार खुंट्या ठोकून सुतळीची चौकट केली. चौकटीत पडलेली पानं रोज उचलायची आणि तोलायची. काम नीट झाल्याचं समाधान घेऊन मी परतले. वाटेत दोन बाया मोळ्या घेऊन येत होत्या. त्या थांबल्या, झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागल्या.

त्या दिवसानंतर गाव माझ्याशी बोलेनासं झालं.

भांडण नाही, टोमणा नाही. विहिरीवर गेले की हसणं थांबे. बाया बाजूला होत आणि मला आधी पाणी काढू देत. हे मला फारच विचित्र वाटे. विहिरीवर थांबून राहणं काय असतं ते आमच्या घराला ठाऊक आहे. लोकांनी माझ्यासाठी थांबावं, हे कधी घडलं नव्हतं. त्याचा अर्थ मला लावता येईना. कुणी माझं आडनाव विचारून घेतलं असेल का? की परक्या मुलीने एकटं राहणं त्यांना पटलं नसेल? मी कळशी भरून खाली मान घालून निघून येई.

दुपारी तर सगळं गावच निजल्यासारखं असे. तांबट पक्षी लांब कुठेतरी टुक टुक करत राही. मेश्रामबाईंच्या रेडिओवर तेलुगू गाणी लागत, तीही मी ऐकत बसे. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्दही निघत नसे, आणि संध्याकाळी आपला आवाज शाबूत आहे का हे पाहायला मी झाडांची शास्त्रीय नावं मोठ्याने म्हणे. करमाळ्याच्या घरात सहा माणसांत अभ्यासाला कोपरा मिळत नाही म्हणून मी चिडायची. इथे सगळे कोपरे माझे होते.

मग मोहाची फुलं पडू लागली. पहाटे सारं गाव टोपल्या घेऊन जंगलात. मोत्यासारखी, पिवळसर पांढरी, मांसल फुलं, आणि त्यांचा तो गोड, जड वास. झाडाखालची पानं जाळून जमीन साफ केलेली, तिच्यावर बाया उकिडव्या बसून वेचताहेत, एकमेकींना हाका मारताहेत. माझ्या पाच झाडांखाली मात्र कुणीच येत नव्हतं. फुलं पानांत पडून काळी पडत. मला वाटलं, ही झाडं कुणाची नसतील. एकदा भुकेच्या वेळी मीच मूठमूठ फुलं खाल्ली. चव छान लागली, आणि दुपारभर डोकं गरगरत पडून राहिले. पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. त्या दुपारी मी ऊर्जानगरच्या भाऊंचं वाक्य आठवून बॅग भरली होती. मग उलटी झाली, बरं वाटलं, आणि बॅग पुन्हा सोडली.

एवढ्यात सोमीबाई लेकीकडून परतल्याचं दिसलं. मी धावतच तिच्या अंगणात गेले. "सोमीबाई, ओळखलं का? मार्कंड्याला..."

तिने ओळखलं होतं. क्षणभर तिचा चेहरा उघडला आणि मिटला. "हो," ती म्हणाली, सूप उचललं आणि आत गेली. मी तिच्या कुडाजवळ थोडा वेळ उभी राहिले. कोंबड्या माझ्या पायांपाशी येऊन गेल्या.

मेश्रामबाई परत आल्या त्या दुपारी मी त्यांच्यासाठी भात केला होता. वाढता वाढता मला रडू कोसळलं. सगळं सांगितलं. त्या जेवायच्या थांबल्या.

"कोणती झाडं म्हटली?"

मी सांगितली.

"आन् त्याले काय बांधलं?"

"सायकलच्या ट्यूबची पट्टी."

त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की मला राग आला. "अव करमाळा! अव पोरी! तू त सोमीची झाडं घेतली न!"

मग त्यांनी समजावलं. शेतातले मोह ज्याच्या त्याच्या मालकीचे. पण जंगलातल्या मोहाचा इथला नियम वेगळा: फुलं पडायच्या आधी ज्या घराने झाडाला गवताचा वेढा बांधला, त्याचं ते झाड त्या साली. त्याखालच्या फुलाला दुसरा कोणी हात लावत नाही. सोमीबाईला ना शेत ना बांध. ही पाच झाडं ती वर्षानुवर्षं बांधत आली. सगळ्यांना हे ठाऊक, म्हणून ती लेकीकडे असतानाही कोणी त्यांना हात लावला नव्हता. मी लावला.

"पण मग त्यांनी सांगितलं का नाही मला?"

"बांधलेलं झाड मागत नाई. मागणं म्हंजे समोरच्याले चोर म्हणणं. आन् तू बांधलं त बांधलं, त्याचा त्याईले एवढा राग नाई. बाहेरची हाय, भूक असन, म्हणतीन. पण तू वेचलं काऊन नाई? फूल मातीत सडून राह्यलं आन् तू पानं तोलून राह्यली! त्या बाईचं वर्षाचं मीठ, तेल, लुगडं त्या फुलात हाय."

माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. विहिरीवरचं ते बाजूला होणं आता मला कळलं. त्या बाया मला हलकी समजत नव्हत्या. त्या मला पाच झाडांची मालकीण समजत होत्या, आणि तीही माजोरी.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघी सोमीबाईकडे गेलो. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मी आत्ता जाऊन पट्ट्या सोडते."

सोमीबाईने जोरात मान हलवली. "आता सोडू नोको! फूल पडाले लागल्यावर वेढा सोडला त झाड रुसते. शेवटचं फूल पडते, तवा ज्यानं बांधलं त्यानंच सोडाव लागते."

"मग आता?"

"आता काय," मेश्रामबाई म्हणाल्या, "झाडं तुही. वेच."

"मी वेचते, पण फुलं सोमीबाईंची."

सोमीबाईने सूप ओढलं आणि त्यातले तांदूळ निवडू लागली. तिला दान नको होतं हे माझ्यासारखीलाही कळत होतं. आमच्या घरातही दान समोर आलं की हाताला अशीच कामं सापडतात. शेवटी मेश्रामबाईंनीच तोड काढली. "हे पोरगी वेचाले नवी हाय. तिले शिकवणारी पाह्यजे. शिकवणारीचा वाटा किती असते व, सोमी?"

सोमीबाईच्या ओठांचा कोपरा हलला. "पोरगी किती ढ हाय त्याच्यावर असते."

"लय ढ हाय."

"मंग सप्पाच, पुराच वाटा मले लागन," सोमीबाई म्हणाली.

दुसऱ्या पहाटे ती मातीच्या खापरात विस्तव घेऊनच आली. पानं जाळल्याशिवाय फुलं दिसत नाहीत. मी आडवी आले. पानं जळली तर माझं कामच संपलं असतं, आणि रानात वणवा पसरण्याचीही मला भीती. "जाळू नका, मी झाडून देते."

"जंगल झाडते?"

"झाडते."

मी मेश्रामबाईंचा खराटा आणला आणि पाच मोहांखालची जमीन झाडू लागले. शेजारच्या झाडाखालून एक बाई ओरडली, "अव सोमी, तुही सरकारीण त जंगलाले आंगण समजून राह्यली!" सगळीकडे हशा पिकला. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्यावर हसत होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी झाडत राहिले.

चौकटी गेल्या. आता अख्ख्या झाडाची पानं पोत्यात भरायची. माझा छोटा ताणकाटा त्याला पुरेना, तेव्हा मेश्रामबाईंनी बाळं तोलायचा झोळीचा काटा दिला. झाडाच्या फांदीला झोळी टांगून मी पानं तोली आणि सोमीबाई विचारी, "केवढं झालं लेकरू?" ती फुलं वेचायची ती दोन्ही हातांनी, न पाहता, माझ्या एका टोपलीला तिच्या तीन. तिच्या अंगणात फुलं वाळत पडली की मनुकांसारखी तांबूस होत. पण हे सगळं सकाळपुरतं. ऊन चढलं की ती तिच्या घरी, मी माझ्या खोलीत. मेश्रामबाई पुन्हा फेरीवर गेल्या होत्या. तांबट पुन्हा टुक टुक करी. मैत्री झाली म्हणून एकटेपण जात नाही, हे मला तिथे समजलं. सकाळ सरते आणि दुपार आपली आपल्यालाच काढावी लागते.

माझा दीड महिना संपला. बैलगाडीवाल्याला सांगूनही झालं होतं. घरी जायचं म्हणून मी आदल्या दिवशी केस धुतले. आणि झाडांकडे शेवटचं पाहायला गेले तर वर अजून झुपके होते. चार झाडं संपत आली होती. पाचवं उशिरा फुलणारं.

सोमीबाईला आणि मलाही माहीत होतं की मी पट्टी न सोडता गेले तर ते झाड माझ्याच नावाने बांधलेलं राहील, आणि पुढल्या साली ती पुन्हा त्याच्यासमोरून टोपली घेऊन निघून जाईल. तशी ती होती.

गाडीवाला रिकामा परत गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी खोलीत येऊन पडले. घरी जायची तयारी झालेल्या माणसाला राहावं लागलं की आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं. पोळीचा, भाकरीचा, आईच्या हाकेचा विचार करत मी त्या पाचव्या झाडाखाली रोज जाऊ लागले. सोमीबाई येई, वेची, जाई. टोपली दिवसेंदिवस हलकी होत गेली. झाडाला तांबूस कोवळी पालवी फुटली.

एका सकाळी खाली काहीच नव्हतं. सोमीबाईने मान वर करून सगळ्या फांद्या पाहिल्या. "झालं," ती म्हणाली.

मी पाचही झाडांच्या गाठी सोडल्या. रबर उन्हाने घट्ट चिकटलं होतं. शेवटची गाठ मला दातांनी सोडावी लागली. पट्ट्यांची गुंडाळी करून मी निघाले तर सोमीबाईने हात पुढे केला.

"हे मले दे."

"हे? कशाला?"

"गवताचा वेढा ढोरं खातेत. हे कोन खाते?" तिने पट्टी दोन्ही हातांत ताणून पाहिली, सोडली, पुन्हा ताणली. "पुढच्या साली हेच बांधतो."

निरोपाला ती आली नाही. तेंदूची पिकलेली फळं मात्र द्रोणात घालून माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली होती.

परत

तोंडी परीक्षेत एका बाहेरच्या प्राध्यापकांनी विचारलं की अभ्यासाची पद्धत मध्येच का बदलली. मी घडलं ते सांगितलं. ते हसले. आमचे सर हसले नाहीत. म्हणाले, "हे पहिल्या पानावर लिहा. पुढची मुलं जातील तेव्हा झाडाला हात लावायच्या आधी वाचतील."

करमाळ्याला पोहोचले तेव्हा वडील दुकानातच होते. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ते चाकाचे आरे ताणत ऐकत होते. मला वाटलं, त्यांना फारसं कळलं नाही. मग त्यांनी चाक बाजूला ठेवलं.

"पट्ट्यांना पट्ट्या जोडाव्या लागल्या म्हणालीस. खोड केवढं असतं त्या झाडाचं?"

मी उठून दोन्ही हात पसरले. तरी पुरेनात, म्हणून अजून थोडे मागे नेले.

ते माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिले. "मग पुढच्या साली जोड उन्हात सुटेल," ते म्हणाले, आणि खुंटीवरची ट्रकची जुनी ट्यूब काढून त्यांनी कात्री हातात घेतली.